काचेला घसारा नसतो

वर्षातून एकदा मला एका मुलीचा फोन येतो. दरवर्षी मुलगी वेगळी, पण घाई तीच. "मॅडम, तुमच्या गाडीचा विमा संपतोय. फुल करू की नुसता थर्ड पार्टी? झिरो डेप टाकू? इंजिन प्रोटेक्ट टाकू?" भेळवाल्यानं तिखट टाकू का, कांदा टाकू का विचारावं तशी ती विचारत सुटते. मी म्हणते, "थांब गं बाई, आधी मला रडून बघू दे." मग ती जपून विचारते, "मॅडम, मागं तुमचा क्लेम रिजेक्ट झाला होता का?"

तिला काय डोंबल सांगणार! मला गाडीचा विमा घ्यायला ज्यांनी शिकवलं, त्यांची पद्धत कुठल्याही कंपनीच्या पोरीला फोनवर समजावण्यासारखी नव्हती. मला स्वतःला ती समजायला कित्येक वर्षं लागली, आणि तेव्हा मी त्या माणसाच्या डोक्यावर राहत होते. म्हणजे वरच्या मजल्यावर.

मी मूळची साताऱ्याची. सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला गेले, आणि पुढं आईची मूत्रपिंडं थकली तेव्हा तिलाही घेऊन गेले, कारण डायलिसिसला मिरज जवळ पडते. गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर आम्हाला जागा मिळाली. खाली मालक आणि मालकीणकाकू, वर आम्ही मायलेकी. मालक जैन घरातले. उंच, काटकुळे, शर्ट कायम बाहेर, वरच्या खिशात एक छोटा टॉर्च आणि एक खिळा. टॉर्च कशाला ते कळायचं. खिळा कशाला, हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. गल्ली त्यांना तोंडावर अण्णा म्हणायची आणि पाठीमागं घसारे अण्णा.

त्यांनी हयात विमा कंपन्यांचा सर्व्हेअर म्हणून घालवली होती. ठोकलेली गाडी बघायची, नुकसान किती ते ठरवायचं आणि त्यातून घसारा कापायचा. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला जिन्यातच उभं करून हा घसारा शिकवला. "तुजा बंपर फुटला. नवा बसवला. कंपनी नव्याचे पैसे देईल का? न्हाई. का? तुजा फुटलेला बंपर जुना हुता की! म्हणून प्लास्टिक अन् रबर निम्मं कापायचं. पत्रा गाडीच्या वयावर. जितकी म्हातारी, तितकं जास्त कापायचं. काचेला मात्र हात लावायचा न्हाई. काच पूर्ण. काचेला घसारा नसतो."

"का नसतो?" मी विचारलं.

"काच एकतर असती, न्हाईतर नसती," एवढं बोलून ते आत गेले.

निवृत्त झाले होते, पण ते कागदावर. डोळ्यांना निवृत्ती मिळाली नव्हती. कुणाच्या घरी गेले की दारावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. घरातले म्हणायचे, या या, दार उघडंच आहे. अण्णा दार वाजवत नसायचे, दाराचं लाकूड आतून पोकळ झालंय का ते ऐकत असायचे. गाडीच्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारलाय का, हे त्यांना तसल्या टकटकीनंच कळायचं. एकदा एका लग्नात मी त्यांच्याशेजारी बसले होते. नवरदेव घोड्यावरून उतरला, जरा लंगडला. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "पत्रा बरा हाय, रबर गेलंय." मला हसू दाबता दाबता ठसका लागला, आणि काकूंनी आम्हा दोघांकडं असं बघितलं की मी पदराचा बोळाच तोंडात कोंबला.

आईला ते आक्का म्हणायचे. पहिल्याच भेटीत तिच्याकडं खालून वरपर्यंत बघून म्हणाले, "आक्का, गुडघं रबरात धरायचं. निम्मं गेलं." मला इतका राग आला! आजारी बाईला असं कुणी बोलतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच हसून म्हणाली, "आणि बाकीची मी कशात?" अण्णा विचारात पडले. डोकं खाजवत म्हणाले, "त्ये सवडीनं बगून सांगतो." आईला तो माणूस त्याच दिवशी आवडला. मला आवडायला वेळ लागला, कारण मी तिच्याइतकी समजूतदार नाही.

आता अशा माणसाची स्वतःची गाडी कशी असेल? तुम्ही म्हणाल, लख्ख. अहो, शंख! कधीकाळी पांढरी असावी. चारी बाजूंनी चेपलेली, एक आरसा सुतळीनं बांधलेला, आणि एकाही पोच्याची दुरुस्ती केलेली नाही. नवीन माणूस भेटला की अण्णा त्याला गाडीभोवती एक फेरी मारून आणायचे आणि घरातली माणसं दाखवावीत तसे पोचे दाखवायचे. "ही म्हैस. हा दूधवाला. ह्ये मार्केट यार्डाचं गेट." मागच्या दारावरच्या मोठ्या खड्ड्यापाशी आले की आवाज खाली आणायचे, "अन् ह्या आमच्या काकू. शिकत हुत्या तवा."

आणि ह्या गाडीला विमा होता तो फक्त थर्ड पार्टी. म्हणजे अण्णांच्या गाडीनं दुसऱ्याचं काही नुकसान केलं तर कंपनी भरणार. तेवढा कायद्यानं सक्तीचाच असतो. स्वतःच्या गाडीचं काही झालं तर शून्य. गल्लीतल्या निम्म्या लोकांना विमा घेताना सल्ला देणारा हा माणूस स्वतःच्या गाडीवर दमडीचा विमा घेत नव्हता! हे मला कळलं आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मी ज्याला त्याला विचारत सुटले. समोरचे टेलर म्हणाले, चिंगूस आहेत. कोपऱ्यावरचा गिरणीवाला म्हणाला, कंपनीशी भांडण झालं असणार. आई म्हणाली, "काहीतरी नियम घेतला असेल गं. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तसं हेही." शेवटी मी थेट काकूंना गाठलं. त्या चपात्या लाटत होत्या. म्हणाल्या, "मला काय म्हाईत, बाई? बटाटा सोडला तवाबी कारण सांगितलं न्हाई ह्यांनी. एक दिवस ताटातला बाजूला काढून ठिवला, संपलं."

खिळ्याचं कोडं मात्र लवकर सुटलं. हळदीचे एक व्यापारी नवी काळी गाडी घेऊन गल्लीत आले होते. गाडी एवढी मोठी की गल्लीचा श्वास कोंडला. त्यांना अण्णांचा सल्ला पाहिजे होता, विमा किती घ्यावा. अण्णा म्हणाले, "गाडी गेली समजा. रडा."

"आवं अण्णा, काय चेष्टा कराय लागलाय!"

"रडून दावा. जेवढं रडू, तेवढा विमा."

व्यापारी हसायला लागले. अण्णांनी शांतपणे खिशातला खिळा काढला आणि त्याचं टोक गाडीच्या दाराला टेकवलं. "अगागागा! अण्णा! हात काढा आदी!" म्हणत त्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. डोळ्यांत खरंच पाणी होतं. अण्णांनी खिळा खिशात टाकला. "आलं न्हवं? मग घ्या सगळं. झिरो डेप बी घ्या. तुमचा पत्र्यावर जीव हाय. त्यात लाजायचं काय!"

पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या दाराला खिळा टेकवला, तर मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "ओढा, पण रेघ सरळ येऊ द्या." त्यांना अण्णांनी नुसत्या थर्ड पार्टीवर घरी पाठवलं. मी वरच्या खिडकीतून हे सगळं नाटक बघायची. हसायची, आणि मनात म्हणायची, आपली पाळी आली की बघते ह्यांच्याकडं.

माझी पाळी आली, कारण आईसाठी मी जुनी, लहानशी लाल गाडी घेतली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी मिरज. डायलिसिस म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. एक खेप चुकली की पाय सुजतात, पाठोपाठ दुसरी चुकली की आडवं पडल्यावर श्वास पुरत नाही. रिक्षाच्या हादऱ्यांनी ती परत येताना अर्धमेली व्हायची. गाडी आली आणि आईनं पहिल्यांदा मिरजेहून येताना खिडकीबाहेर बघितलं.

विम्याचा दिवस आला. मी कागद घेऊन खाली गेले. "अण्णा, साधा फुल घेऊ की झिरो डेप? एकाच गोष्टीचे इतके प्रकार, माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

"चल," म्हणून ते गाडीपाशी आले. खिळा काढला, दाराला टेकवला. तो मंगळवार होता. मला घाई होती. मी म्हटलं, "ओढायचा तर पटकन ओढा हो. आईला वेळेत मशीनवर घ्यायचंय."

अण्णांनी खिळा बाजूला घेतला. माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "बरं. आता डोळं झाक. गाडी गेली समज."

मी कंटाळून डोळे मिटले. आणि मला गाडी दिसलीच नाही. आई दिसली. चप्पल घालून, पिशवी मांडीवर घेऊन, पलंगाच्या कडेवर बसलेली. जिन्याकडं कान लावून. मला अशी उबळ आली म्हणून सांगू! भर गल्लीत, टेलर बघतोय, गिरणीवाला बघतोय, आणि मी पदरानं नाक पुसतेय.

"काय दिसलं?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे तुला पत्र्याचा विमा नगंच हाय. तुला खेपेचा पायजे."

"तो कोण देतं?"

"कोण न्हाई." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "साधा फुल घे. आपण नदीच्या उशाला ऱ्हातोय, इंजिनाचं घे. झिरो डेप सोड. झिरो डेप म्हंजे कंपनी अख्खी गाडी काचेत धरणार, कशालाच घसारा न्हाई. सगळंच काचेत धरलं, की माणूस कशात धरायचं?"

"आणि खेपेचं?"

"त्ये बगू."

ते 'बगू' मला मुळीच आवडलं नाही. साताऱ्यात आम्ही 'बघू' म्हणजे 'विसरा' समजतो.

त्याच सुमाराला त्यांना एक नवीन खूळ लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पेपर घेऊन ते स्वतःच्या गाडीत जाऊन बसायला लागले. गाडी बंद. तोंड रस्त्याकडं. आत अण्णा, स्टिअरिंगवर पेपर पसरलेला. आम्ही निघालो की हात करायचे. मी परत येताना बघावं तर घरात, झोपाळ्यावर. मला वाटलं, वयाचं काहीतरी असेल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "घरात माजं त्वांड बगाय लागतंय, दुसरं काय!" पण मग बुधवारी का नाही? गुरुवारी का नाही? मी एकदा त्यांच्या काचेवर टकटक करून विचारलंही, "अण्णा, इथं बसून पेपर वेगळा लागतो का?" ते म्हणाले, "उजेड बरा हाय."

मग तो पावसाळा आला. सांगलीच्या माणसाला पुराचं कौतुक सांगू नये, त्याला आयर्विन पुलाखालचं पाणी पुढाऱ्यांच्या नावांपेक्षा पाठ असतं. गावभागात पाणी चढायला लागलं की आधी गाड्या हलतात. विश्रामबागेत, उंचावर, प्रत्येकाचे कुणी ना कुणी पाहुणे असतात. त्यांच्या दारात चारचाकी जातात, मग मोटारसायकली जातात. माणसं मात्र घर सोडत नाहीत. भिंतीवर मागच्या मोठ्या पुराची खूण तेलरंगानं केलेली असते. ज्याची पायरी खुणेच्या वर, तो छाती काढून चहा पीत बसतो. अण्णांची पायरी खुणेच्या हातभर वर होती.

मी तेव्हा साताऱ्यात होते. भावाच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून रविवारी गाडी घेऊन गेले होते. सोमवारी परत निघायचं, मंगळवारी आईची खेप. सोमवारी सकाळी निघाले, तर पाऊस असा की पुढची गाडी दिसेना. धरणाचं पाणी सोडलं होतं. पेठ नाक्याच्या अलीकडं पोलिसांनी सगळ्या गाड्या थांबवल्या. पुढं रस्ता पाण्याखाली. मी अण्णांना फोन लावला. "अण्णा, आईला आजच विश्रामबागेत हलवा हो."

"अगं, खूण बगून आलोय मी. पायरी वर हाय. आक्का बी म्हणत्यात, कृष्णामाई पायरीला लागून माघारी जाती. उद्या सकाळी मी नेतो मिरजेला. तू थांब तितंच."

जगातल्या कुठल्याही माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवता टॉर्च मारून बघणारा माणूस, आणि भिंतीवरच्या एका रंगाच्या रेघेवर विश्वास ठेवून बसला! पण त्यांना काय बोलू, आईही त्यातलीच. मी तिथल्या एका हॉटेलच्या बाकड्यावर ट्रकवाल्यांमध्ये बसून राहिले. मंगळवारी सकाळी फोन लागला तेव्हा काकू रडत होत्या. पाणी गल्लीत आलं होतं. बोट येणार, येणार म्हणत होते, येत नव्हती. शुक्रवारनंतरचा मोठा खंड आणि त्यात दमट हवा, आईला रात्रीपासून धाप होती. "ह्ये गाडी काढालेत गं," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद. परत लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

पुढचं मला आईनं सांगितलं, आणि तिनं ते पुढं आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलं, दरवेळी थोडं पाणी वाढवून.

गल्लीत तेव्हा एकच गाडी उरली होती, अण्णांची. त्या डबड्याला कुठला पाहुणा दारात घेणार? अण्णांनी आणि टेलरांनी आईला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून गाडीपर्यंत नेलं. पाणी गुडघ्याएवढं. माड्यांवरून लोक ओरडत होते, "अण्णा, गाडी जाईल! इंजिनात पाणी जाईल!" अण्णांनी वर बघून ओरडून सांगितलं, "म्हाईत हाय!" गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, आणि मग आईच्या म्हणण्याप्रमाणं जप करावा तसे ते एकच वाक्य बोलत राहिले, "पाय उचलायचा न्हाई, पाय उचलायचा न्हाई." ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पाणी आत ओढलं जातं, म्हणून. दाराच्या फटीतून पाणी आत आलं. आईनं पाय सीटवर घेतले, रिपोर्टची पिशवी डोक्यावर धरली. रस्ता चढाला लागला, पाणी सरलं, आणि तिथंच गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. अण्णांनी परत किल्ली फिरवली नाही. उतरले, आडवे उभे राहून एक रिक्षा थांबवली, आईला आत बसवलं आणि शेजारी बसले. आई म्हणाली, "अहो, गाडी जरा वर ढकलून ठेवा की. पाणी चढतंय." अण्णा रिक्षावाल्याला म्हणाले, "चल."

दुपारी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. अण्णाच होते, दवाखान्यातल्या कुणाचा तरी फोन मागून. माझ्या तोंडातून शब्द फुटला तोही भलताच. "अण्णा... गाडी?" आईचं विचारायची हिंमत नव्हती, म्हणून गाडीचं विचारलं.

ते सर्व्हेअरच. रिपोर्ट क्रमानंच देणार. "पत्रा गेला. रबर गेलं, प्लास्टिक गेलं. इंजिनात पाणी हाय, म्हंजे त्ये बी गेलं समज."

"आणि?"

"काच शाबूत हाय. मशीनवर हाय. आत्ताच माझ्याशी भांडली."

मी त्या बाकड्यावर बसून मोठमोठ्यानं रडले. एक सरदारजी ड्रायव्हर काही न विचारता माझ्यापुढं पाण्याची बाटली ठेवून गेला.

त्या दिवशी अण्णा सकाळपासून उपाशी होते. मशीनवरून उतरल्यावर आईचा पहिला प्रश्न, "सूर्य मावळला का हो?" मावळायला थोडा वेळ होता. तिनं शेजारच्या पेशंटच्या मुलीला पिटाळून केळी आणवली आणि अण्णांना खिडकीपाशी उभं करून, बाहेरच्या उजेडावर लक्ष ठेवून खाऊ घातली. संध्याकाळी पाणी त्या चढावर पोचलं आणि अण्णांची गाडी टपापर्यंत बुडाली. काकूंना बोटीनं बाहेर काढलं. पाणी अण्णांच्या पायरीवरून आत शिरलं होतं, खुणेच्या पार वर.

पाणी उतरल्यावर मी पोचले तेव्हा गाडी ओढून दारात आणलेली होती. चिखलानं भरलेली, एक दार लोंबतंय. अण्णा टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरत होते, टकटक करत. मला बघवेना. आणि मला बघवलं नाही की मी भांडते, ही माझी जुनी खोड. "तरी मी म्हणत होते! तुमचा फुल असता, इंजिनाचं असतं, तर आज काहीतरी मिळालं नसतं का? जगाला सांगता आणि स्वतः?"

"फुल असता, तर मी गाडी पाण्यात घातली नसती," अण्णा म्हणाले.

ते बॉनेटवरचा चिखल खिळ्यानं खरवडत बोलायला लागले. एरवी कधी एवढं सलग बोलले नव्हते.

"आष्ट्याच्या बाजूला एक गाडी वढ्यात बंद पडली हुती. तवा मी नोकरीत. मालकाला आमचा पयला सवाल एकच असतोय. पाणी दिसत हुतं, तरी गाडी का घातली? त्यो म्हणला, सायेब, बायको आडली हुती. मी लिवलं, पाणी दिसत असताना गाडी घातली. खोटं हुतं का? न्हवतं. कंपनीनं इंजिनाचं कापलं. त्येचं पोरगं जगलं, आन् त्यो मला पेढं द्यायला आला. मला! सायेब, पोरगं झालं, त्वांड ग्वाड करा म्हणला." खिळा थांबला. "म्या पेढा खाल्ला. काय करणार? तवापासनं आपल्या गाडीला दुसऱ्याचा विमा तेवढा. दुसऱ्याचं भरून द्यायलाच पायजे. पण गाडी का घातलीस म्हणून मला कुणी इचारायचं न्हाई. आणि नेताना ते मनात बी यायचं न्हाई. आलं, की पाय उचलला जातोय."

इतकी वर्षं मी चिंगूस, भांडकुदळ, नियमवाला काय काय ठरवत होते. आणि हा माणूस गाडीला मोकळी ठेवत होता, घुसायची वेळ आली तर घुसता यावं म्हणून. मला वाटलं, चला, अण्णांचं कोडं सुटलं एकदाचं. पण अर्धंच सुटलं होतं.

घरं धुऊन, वाळवून आम्ही परत राहायला आलो त्यानंतरचा पहिला मंगळवार. अण्णांची गाडी भंगारवाला घेऊन गेला होता. मी आईला घेऊन खाली उतरले, तर जिथं त्यांची गाडी उभी असायची बरोबर तिथं अण्णा खुर्ची टाकून बसलेले. शेजारी एक रिक्षा, तोंड रस्त्याकडं. अण्णा रिक्षावाल्याला चहा पाजत होते. त्याला घाई असावी, तो सारखा हँडलकडं हात नेत होता आणि अण्णा त्याला म्हशीची, दूधवाल्याची, मार्केट यार्डाच्या गेटाची गोष्ट सांगून थांबवत होते. तेवढ्यात एक बाई आली, "रिक्षा येणार का?" अण्णाच म्हणाले, "दुसरी बगा. ही लागलीया."

मी आईला गाडीत बसवता बसवता थांबले. मंगळवार. शुक्रवार. पेपर. तोंड रस्त्याकडं. आमची गाडी निघाली की हात करणं, आणि मग घरात जाणं. मी तरातरा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"अण्णा, इतकी वर्षं तुम्ही यासाठी बसत होता? आमची गाडी चालू झाली नाही तर म्हणून?"

अण्णा रिक्षावाल्याकडं बघायला लागले, जसं काही प्रश्न त्यालाच विचारला होता.

"अहो, सांगायचं तरी!" माझा आवाज चिरकला. "एका शब्दानं सांगायचं तरी!"

"सांगितल्यावर तू हप्ता इचारला असतास," अण्णा म्हणाले. "जा आता. आक्का खोळंबल्यात."

मी गाडीत बसले. समोरचं नीट दिसेना, म्हणून आधी डोळे पुसले. किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. वळणावर आरशात बघितलं, तर अण्णा खुर्चीवरून उठले होते आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला सांगत होते, जा बाबा, आता जा.